महाजनकी आणि विद्यार्थिसाहाय्य : एक मागोवा

पांडेसरा म्हटले की रंगाई-छपाईच्या गिरण्या डोळ्यांपुढे येतात. उधना–जळगाव लोहमार्गाने खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली. अशा कुटुंबातील कर्ता पुरुष निवर्तला किंवा कायमचा अपंग झाला, तर चूल कशीबशी पेटती राहते; परंतु महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे शिक्षण सर्वांआधी थांबते. या संकटावर समाजाने पूर्वी कोणते उपाय योजले, हे महाजन कुटुंबांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

‘महाजन’ या शब्दाला दोन परंपरा आहेत. गोमंतकात देवस्थानाच्या संस्थापक कुळांचे वंशज ते महाजन. गुजरातेत व्यापाऱ्यांचा संघ तो महाजन. तो व्यवहारांवर ‘लागा’ बसवी आणि त्यातून पांजरापोळ चालवी. दोन्ही परंपरांत मानाबरोबर दायित्वही आलेच.

इंग्लंडातील फ्रीमेसन बंधुसंघाने सभासदांच्या विपन्नावस्थेतील मुलींसाठी 1788 साली आणि मुलांसाठी 1798 साली संस्था स्थापन केल्या. सभासद गेला तरी त्याच्या लेकरांशी संघाचे नाते तुटत नाही, हे त्यामागील तत्त्व होते. मुंबईत 1843 साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी भारतीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्थापन केल्यावर आपल्याकडील मंडळींनाही या बंधुसंघाची दारे खुली झाली.

आपल्या भूमीतही हा विचार नवा नव्हता. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने 1901 पासून विद्यार्थी वसतिगृहे उभी राहू लागली. खुद्द सुरतेत 1911 साली पाटीदार समाजाने खेड्यांतील मुलांसाठी आश्रम काढला. 1913 च्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी सकपाळ निवर्तले. त्याच वर्षी त्यांचे पुत्र भीमराव आंबेडकर बडोदे सरकारच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या, तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ती शिष्यवृत्ती पितृवियोगासाठी दिलेली नव्हती; पण वेळेवर मिळालेली मदत काय घडवू शकते, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

पुढे 1923 आणि 1948 च्या कायद्यांनी कामावरील अपघातात बळी पडलेल्या कामगाराच्या आश्रितांना भरपाईचा हक्क दिला. परंतु आजाराने घरी बसलेल्या बापाचे काय? भरपाईची रक्कम घरभाड्यात आणि औषधात संपली, तर महाविद्यालयाचे शुल्क कोण भरणार? कायद्याचे हात जेथे पोहोचत नाहीत, तेथूनच महाजनांचे काम सुरू होते.

इतिहास तीन गोष्टी शिकवतो. निधी कायम असावा, कोणा एकाच्या औदार्यावर अवलंबून नसावा. मृत आणि अपंग सभासदांच्या पाल्यांत, तसेच मुलगा आणि मुलगी यांत, भेद नसावा. आणि मदत अशी द्यावी, की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. देवाच्या उत्सवात ज्याने पालखीला खांदा दिला, त्याच्या लेकराच्या शिक्षणाला खांदा देणे ही देखील देवाचीच सेवा होय.