इपॉक्सी बेडिंग
रायफलीचा धातूचा सांगाडा व दस्ता यांच्यातील फट इपॉक्सी राळेने भरून त्यांची बैठक घट्ट करण्याची प्रक्रिया. गोळी सुटताना बसणारा धक्का सांगाड्याखालच्या खुंटीमार्फत दस्त्यात उतरतो; ही बैठक सैल असल्यास सांगाडा प्रत्येक बारागणिक किंचित सरकतो आणि गोळ्या विखुरतात. काचतंतुमिश्रित नायलॉनच्या साचेबंद दस्त्याला राळ सहज चिकटत नाही, म्हणून त्याचा पृष्ठभाग खरवडून व त्यात लहान भोके पाडून राळेला पकड द्यावी लागते. घरी हे काम करताना रायफल रिकामी असल्याची खात्री करून, धातूच्या भागांवर, विशेषतः स्क्रूंच्या आट्यांवर, मेणाचा लेप देणे अत्यावश्यक असते. हा लेप द्यायचा राहून गेल्यास सांगाडा दस्त्यात कायमचा अडकतो. राळ सुकताना स्क्रू अतिघट्ट आवळल्यास लवचिक दस्ता वाकलेल्या स्थितीतच पक्का होतो व बेडिंग निरुपयोगी ठरते.