कोळ्याच्या धाग्यापासून ऐंशी पटींपर्यंत

लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी दोन दुर्बिणी समोर ठेवल्या आहेत अशी कल्पना करावी. एकीवर १५-५५×५२ असे कोरले आहे आणि दुसरीवर ८-८०×५६. पहिला प्रकार अमेरिकेतील नाइटफोर्सचा, दुसरा जपानमधील मार्चचा. शेवटचा आकडा वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास आणि त्याआधीचे आकडे प्रतिमा किती पट मोठी दिसेल याचे. यांतील श्रेष्ठ कोणती, या प्रश्नावर बहुतेकांचे बोट ऐंशीवर जाते. पटींचा आकडा वाचायला सोपा असतो. पण बंदुकीवरील दुर्बिणीचा इतिहास पाहिला, तर तिची प्रगती त्या आकड्याने क्वचितच झाली आहे असे आढळते.

या इतिहासाचा आरंभ बंदुकीपाशी नव्हे, खगोलशास्त्रापाशी आहे. १६४० च्या सुमारास इंग्लंडमधील विल्यम गॅस्कॉइन या तरुण निरीक्षकाच्या दुर्बिणीत एका कोळ्याने जाळे विणले. धागा नेमका नाभीच्या प्रतलात आल्यामुळे तो आणि दूरची वस्तू, दोन्ही एकाच वेळी सुस्पष्ट दिसू लागले. दुर्बीण केवळ पाहण्याचे साधन न राहता मोजण्याचे आणि रोखण्याचे साधन झाली, ती या क्षणी. आजही नेमबाज दुर्बिणीच्या बाजूचे चाक फिरवून पराशय दूर करतो, तेव्हा लक्ष्याची प्रतिमा आणि क्रॉसचे धागे एकाच प्रतलात आणणे हेच काम तो करत असतो. ते साधले नाही, तर डोळा किंचित हलताच क्रॉस लक्ष्यावरून सरकतो. प्रतिमा ऐंशी पट मोठी असली तरी ही चूक भरून निघत नाही.

एकोणिसाव्या शतकात या कल्पनेला बंदुकीवर रुजवणाऱ्यांपैकी एक होता मुंबई लष्करातील अधिकारी डेव्हिडसन. त्याच्या रचनेची दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या बाजूला बसवली जाई आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) दक्षिणेकडील नेमबाजांनी ती वापरली. तिचे दृश्य आजच्या मानाने अंधूक आणि अरुंदच होते. तिच्यात सुधारणा व्हायची, तर आधी काच सुधारायला हवी होती.

भिंगासाठी लागणारी काच खिडकीच्या काचेहून फार वेगळी असते. एकाच भिंगातून लाल आणि निळा प्रकाश वेगवेगळ्या ठिकाणी केंद्रित होतात आणि प्रतिमेला रंगीत कडा येतात. क्राउन आणि फ्लिंट या दोन प्रकारच्या काचांची भिंगे जोडून हा दोष कमी करता येतो. डोलंडने त्याचे पेटंट १७५८ मध्ये मिळवले. मात्र काचेच्या वितळलेल्या रसात रेषा आणि बुडबुडे राहिले, तर सारा हिशेब फसतो. स्वित्झर्लंडच्या गिनाँने तापलेला रस ढवळण्याची रीत शोधली, तेव्हा कुठे मोठे आणि एकजिनसी गोळे मिळू लागले. पुढे १८८४ मध्ये ऑटो शॉट, अर्न्स्ट अबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येना येथे काचेचा कारखाना उभारला. कोणता घटक किती घातला असता अपवर्तनांक आणि रंगांचे अपस्करण किती बदलते, याचा पद्धतशीर अभ्यास तेथे झाला. आजच्या महागड्या दुर्बिणींवर मिरवणारी ‘ईडी’ काच ही त्याच परंपरेतील आहे.

ही विद्या एका देशात एकवटली की काय होते, हे १९१४ मध्ये दिसले. ब्रिटन आपली बहुतांश प्रकाशीय काच जर्मनी आणि फ्रान्सकडून घेत असे. महायुद्ध सुरू होताच दुर्बिणींची इतकी टंचाई पडली, की वृद्ध सेनानी लॉर्ड रॉबर्ट्स यांना नागरिकांकडे घरच्या दुर्बिणी मागाव्या लागल्या. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली, तेव्हा कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ बॉश अँड लॉम्बच्या भट्ट्यांपाशी गेले. खडक कसे वितळतात आणि गोठतात, हा त्यांचा विषय. सिलिकेटच्या रसाचे ते शुद्ध कुतूहलापोटी मिळवलेले ज्ञान देशाच्या ऐन गरजेला उपयोगी पडले.

भारतातील धागा याहून जुना आहे. भूमापनाचा थिओडोलाइट आणि बंदुकीवरील दुर्बीण यांचे मूळ तत्त्व एकच: भिंग, नाभी आणि नाभीतील धागे. कलकत्त्यात १८३० मध्ये सर्वेक्षण विभागाची गणितीय उपकरणशाळा सुरू झाली. हेन्री बॅरो या इंग्रज कारागिरानंतर ती सय्यद मीर मोहसिन हुसेन या भारतीय कारागिराच्या हाती आली. विलायतेहून आलेली उपकरणे दुरुस्त करणारे हात येथे होते, पण भिंगाची काच येथे बनत नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेहराडूनला लष्करी प्रकाशीय उपकरणांचा कारखाना उभा राहिला, तरी काचेचा प्रश्न तसाच राहिला.

तो सुटला कलकत्त्यातच. १९५० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत आत्माराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशीय काच बनवण्याचे तंत्र स्वतःच्या प्रयोगांतून विकसित केले आणि १९६० च्या सुमारास देशात तिचे उत्पादन सुरू झाले. रसाने न झिजणाऱ्या मातीच्या मुशी, रेषा न राहतील असे ढवळणे आणि अंतर्गत ताण उरणार नाही इतके संथ थंड करणे, यांतील प्रत्येक पायरी स्वतः शिकावी लागली. विकत मिळणारी वस्तू आणि विकत न मिळणारी विद्या यांतील फरक या पिढीने नेमका ओळखला होता.

आता पुन्हा त्या दोन दुर्बिणींकडे यावे. प्रकाशाच्या विवर्तनामुळे वस्तुभिंगाचा व्यासच तपशिलाची अंतिम मर्यादा ठरवतो. अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक विकला. हिरव्या प्रकाशात ५२ मिमी भिंगाची मर्यादा सुमारे २.७ विकला येते, ५६ मिमीची सुमारे २.५. म्हणजे १००० यार्डांवर, ९१४ मीटर अंतरावर, पहिली दुर्बीण सुमारे १२ मिमी अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकते आणि दुसरी सुमारे ११ मिमीवरचे. पटींतील वाढ ४५ टक्के, पण तपशिलातील वाढ जेमतेम ८ टक्के! उलट, नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास ५५ पटींना ०.९५ मिमी असतो, ८० पटींना ०.७ मिमी. त्यामुळे पहिल्या दुर्बिणीतील प्रतिमा सुमारे १.८ पट उजळ असते.

आणि मध्ये हवा आहेच. तापलेल्या मैदानावरील हवेने प्रतिमा १० विकला जरी हलवली, तरी या अंतरावर ती सुमारे ४४ मिमी डोलते. वाढीव पटींबरोबर हे डोलणेही तितकेच मोठे दिसते. खगोलशास्त्रज्ञ याच शत्रूला टाळण्यासाठी लडाखमधील हान्लेला, सुमारे ४५०० मीटर उंचीवर दुर्बीण घेऊन गेले. नेमबाजाला तशी मुभा नाही. तो पटी उतरवतो आणि त्या मृगजळाच्या वाहण्यावरूनच वाऱ्याची दिशा वाचतो. म्हणून ८-८० मधील आठचा आकडाही ऐंशीइतकाच मोलाचा आहे. उन्हे चढल्यावर दुर्बीण किती खाली येऊ शकते, हे तो सांगतो.

ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत बंदुकीवर दुर्बीण चालतच नाही. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने कांस्यपदक मिळवले, ते लहान छिद्रातून नेम धरून. त्याच्यापुढे पटींचा प्रश्नच नव्हता. मात्र ज्यांना दुर्बीण निवडायची आहे, त्यांनी ऐंशीच्या आकड्यापाशी न थांबता आणखी चार गोष्टी विचाराव्यात: काच कोणती, भिंग केवढे, धागे प्रतिमेच्या प्रतलात किती नेमके येतात आणि मधली हवा कशी आहे. यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला काही देशांना एक महायुद्ध लागले. भारताला ते एका प्रयोगशाळेतल्या भट्टीपाशी सापडले.