चूक सांगण्याची रीत

कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावच्या दूध संस्थांत सकाळ-संध्याकाळ संकलन चालते. गाईच्या दुधाचे फॅट ३.५ लिहिताना टिंब निसटले आणि ३५ पडले, तर डेटाबेसने ती नोंद नाकारली पाहिजे, हे कोणीही मान्य करील. पण नाकारताना त्याने नेमके काय सांगावे? नुसते ‘नोंद अवैध’ म्हटले, तर नोंद घेणारा अडतो आणि त्याच्यामागची रांगही खोळंबते. डेटाबेसमधल्या प्रोसिजरल भाषांत चूक कशी उठवावी, हा प्रश्न इतका रोजच्या कामाचा आहे.

चुकीचा निरोप दोघांना द्यायचा असतो: माणसाला आणि प्रोग्रामला. माणसाला वाक्य हवे, प्रोग्रामला न बदलणारी खूण. ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएलने वापरकर्त्याच्या चुकांसाठी उणे २०००० ते उणे २०९९९ हे आकडे राखून ठेवले. पोस्टग्रेसमध्ये पीएल/पीजीएसक्यूएल १९९८मध्ये आली. तिच्या ‘रेझ’ विधानात बराच काळ संदेशालाच जागा होती. पुढे कोड आले, तरी अशी प्रत्येक चूक ‘पी०००१’ याच कोडने बाहेर पडे. मग चुका ओळखायच्या तर संदेशातले शब्द ताडून पाहावे लागत, आणि कोणी तो संदेश मराठीत केला की ती ताडणी मोडे. २००९च्या ८.४ आवृत्तीत ‘युझिंग’ आले. संदेश, तपशील, सूचना आणि कोड यांना आपापल्या नावाची जागा मिळाली. माझ्या मते या भाषेतली ही सर्वांत समंजस सुधारणा आहे. आता ‘फॅट ३५ कसे?’ हा प्रश्न आणि ‘टिंब तपासा’ ही सूचना शुद्ध मराठीत देता येते. कोडला धक्का लागत नाही.

वाचकांनी सुरुवात संदेशापासून करावी. त्यात % या चिन्हाच्या जागी चुकलेले मूल्य कसे बसते, ते पाहावे. कोडकडे नंतर वळावे. तो पाच अक्षरांचा असतो आणि पहिली दोन त्याचा वर्ग सांगतात: २३५०५ म्हणजे एकमेव असायला हवे ते मूल्य पुन्हा आले, आणि २३ हा बंधनभंगाचा वर्ग. स्वतःचा कोड ठरवताना शेवटी तीन शून्ये ठेवू नका. तो अख्ख्या वर्गाचा कोड ठरतो, एकटा पकडता येत नाही.

व्याकरणाचे नियम पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील. तोवर तुमच्या ओळखीच्या एखाद्या संस्थेत जाऊन, तिथल्या संगणकावर कोणते संदेश येतात आणि त्यांतले कोणते खरोखर कळतात, ते तिथे काम करणाऱ्यांना विचारून या.