देशी चहा आणि परदेशी चहा : पुण्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पुण्यासारख्या शहरात सुटी चहापत्ती घेणाऱ्या ग्राहकासमोर आज दोन मार्ग आहेत. पेठेतील चहाच्या दुकानातून अथवा आसाम, दार्जिलिंग, निलगिरी येथील मळ्यांकडून पत्ती घेणे हा एक मार्ग; चीन, जपान, श्रीलंका किंवा इंग्लंडमधील विक्रेत्याकडून ती मागविणे हा दुसरा. या निवडीविषयी सामान्यतः दोन भूमिका घेतल्या जातात. 'आपला पैसा आपल्या देशात राहावा' ही पहिली आणि 'उत्तम माल जेथे मिळेल तेथून घ्यावा' ही दुसरी. या भूमिका परस्परविरोधी वाटत असल्या तरी दोहोंत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. देशी चहा कोणता आणि परदेशी कोणता हे निश्चितपणे सांगता येते, हे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात याच गृहीतकाची ऐतिहासिक तपासणी केली आहे. स्वदेशीचा विचार ज्या शहरात दीर्घकाळ घडला त्या पुण्यातील काही प्रसंग यासाठी आधाराला घेतले आहेत.

पान देशी, व्यापार परदेशी

'चहा' हा शब्द मुळात चिनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीकडे चीनच्या व्यापाराची मक्तेदारी १८३३ च्या सनदी कायद्यापर्यंत होती. चिनी चहाची किंमत चांदीत मोजावी लागू नये म्हणून हिंदुस्थानातील अफू चीनमध्ये धाडण्यात येई. माळव्यातील अफू मुंबई बंदरातून जाई आणि सर जमशेदजी जीजीभाई यांच्यासारख्या मुंबईच्या व्यापाऱ्यांची संपत्ती या चीन-व्यापारातूनच उभी राहिली. म्हणजेच पश्चिम भारतात चहा पिण्याची सवय रुजण्याच्या कितीतरी आधी येथील भांडवलाचा चहाशी संबंध आला होता.

आसामात चहाचे झाड निसर्गतः वाढत होते आणि तेथील सिंगफो लोकांना त्याचा उपयोग ठाऊक होता. १८३४ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंक याने चहा समिती नेमली. १८३९ मध्ये आसाम कंपनीची स्थापना झाली आणि त्याच वर्षी आसामच्या चहाचा लंडनमध्ये प्रथम लिलाव झाला. कलकत्त्यात चहाचे लिलाव सुरू होण्यास १८६१ साल उजाडले. मणिराम दिवाण याने स्वतःचे मळे उभारून या क्षेत्रात पाऊल टाकले होते. परंतु १८५७ च्या उठावातील सहभागावरून १८५८ मध्ये त्याला फाशी देण्यात आली. भारतीय भांडवलावरील जलपाईगुडी टी कंपनी १८७९ मध्ये निघाली, तरी मळ्यांवरील वर्चस्व ब्रिटिश कंपन्यांचेच राहिले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या बाजारात हिंदी चहाने चिनी चहाला मागे टाकले. माती व मजूर हिंदुस्थानचे, तर भांडवल, दलाली व नफा ब्रिटनचा, अशी ही रचना होती. मातीच्या निकषावर हा चहा देशी ठरतो; दादाभाई नौरोजींनी मांडलेल्या संपत्तीच्या निःसारणाच्या निकषावर तोच परदेशी ठरतो.

पुणे, १८९० : एकाच वर्षातील दोन घटना

४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने शहरातील प्रतिष्ठितांना बोलाविण्यात आले. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आला. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हे उपस्थितांमध्ये होते. पुढे उपस्थितांची नावे 'पुणे वैभव'मध्ये प्रसिद्ध झाली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न पुणेकरांना दीर्घकाळ पुरला.

सामाजिक सुधारणेच्या इतिहासात या प्रकरणाचे विवेचन भरपूर झाले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक बाब महत्त्वाची आहे. हा वाद पेला कोणाच्या हातून आला याचा होता. पेल्यातील पत्ती कोठून आली, तिचा नफा कोणाकडे गेला, हा प्रश्न वादाच्या केंद्रस्थानी नव्हता. चहा परका ठरला तो स्पर्शाच्या मापाने. अर्थकारणाच्या मापाने त्याचा विचार झाला नाही.

हा विचार करण्याची क्षमता त्या काळच्या पुण्यात नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी १८७० च्या दशकातच देशी मालाच्या वापराचा पुरस्कार केला होता. १८९० मध्येच पुण्यात औद्योगिक परिषद भरली आणि तीत रानडे यांनी जावा बेटातील डच सरकारच्या लागवड पद्धतीवर निबंध वाचला. कॉफी, साखर, नीळ यांच्याबरोबर चहाचाही त्या पद्धतीत समावेश होता. सरकारने भांडवल व संघटन पुरविल्यास शेतमालावर आधारित उद्योग कसा उभा राहू शकतो, हे रानड्यांना त्या उदाहरणावरून दाखवावयाचे होते. जावातील रयतेवर त्या पद्धतीत झालेली सक्ती लक्षात घेता या उदाहरणाच्या मर्यादा आज उघड आहेत. तथापि ज्या विचारवंताने मळ्याच्या पिकाचे अर्थशास्त्र मांडले, त्यालाच त्या वर्षीच्या चहाच्या पेल्याबद्दल पुढे धर्मशास्त्रीय जाब द्यावा लागला, ही विसंगती त्या काळावर पुरेसा प्रकाश टाकते.

स्वदेशीची चळवळ आणि चहा

१९०५ च्या स्वदेशी चळवळीत पुणे आघाडीवर होते. परदेशी कापडाची होळी येथे झाली. पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. बहिष्काराचा मुख्य रोख कापडाबरोबर परदेशी साखरेवरही होता. ही साखर हाडांच्या कोळशाने शुद्ध केली जाते, या आक्षेपामुळे त्या बहिष्काराला धार्मिक भावनेचेही बळ मिळाले. अशा रीतीने चहाच्या पेल्यातील साखर स्वदेशीच्या कसोटीवर घासली गेली. पत्ती मात्र त्या मानाने सुटली. याची दोन कारणे संभवतात. एक तर चहा तेव्हा बहुजनांचे पेय झालेला नव्हता. दुसरे असे की, 'परदेशातून आलेला माल' ही बहिष्काराची सोपी व्याख्या आसामच्या पत्तीला लागू पडत नव्हती. कापड मँचेस्टरहून येई. चहा देशातच पिके. परदेशी जाई तो त्याचा नफा.

मळेवाल्यांनी या संदिग्धतेचा पुढे चतुराईने उपयोग केला. १९०३ च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसविण्यात आला आणि त्या निधीतून चहाचा प्रचार होऊ लागला. १९३० च्या दशकातील जागतिक मंदीत चहाचे भाव कोसळले, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आल्या, आणि उरलेल्या मालासाठी देशातील बाजारपेठ शोधणे भाग पडले. रेल्वेस्थानके, गिरण्या व बाजार येथे चहाची प्रात्यक्षिके होऊ लागली. १९४७ मध्ये चित्रकार अन्नदा मुन्शी यांनी केलेल्या जाहिरातीत चरख्याजवळ बसलेली स्त्री दिसते आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याचे सांगितले जाते. ज्या उद्योगाची मालकी अद्याप प्रामुख्याने ब्रिटिशांकडे होती, त्याने स्वदेशीचे सर्वांत मान्यताप्राप्त चिन्ह धारण केले होते.

या प्रचाराच्या नेमका उलट विचार पुण्यातच लिहिला गेला होता. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना महात्मा गांधींनी आरोग्यविषयक जे पुस्तक लिहिले, त्यात चहा, कॉफी व कोको यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. यांपैकी कशाचीही शरीराला गरज नाही, असे त्यांचे मत होते. चीनमध्ये पाणी उकळून पिण्याच्या गरजेतून चहाला उपयोग लाभला, हे ते मान्य करतात. आणि घ्यायचाच तर पत्ती गाळणीत ठेवून तीवर उकळते पाणी ओतावे, असे सुचवितात. चरख्याचे चिन्ह चहाला लावले गेले, पण चरख्याच्या प्रणेत्याची चहाला संमती नव्हती.

स्वातंत्र्यानंतर : मालकीची अदलाबदल

१९५३ च्या चहा अधिनियमानुसार १९५४ मध्ये चहा मंडळ अस्तित्वात आले. १९३० च्या सुमारास आसामात शोधलेली सीटीसी पद्धत पुढील दशकांत देशभर पसरली. कमी पत्तीत गडद रंग देणारी ही दाणेदार भुकटी दूध-साखरेच्या उकळलेल्या चहाला सोयीची होती. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी पुण्यात नावारूपाला आणलेल्या 'अमृततुल्य'चा चहा याच प्रकारचा. अखंड पानाची पत्ती मात्र बऱ्याच अंशी निर्यातीसाठी राहिली. चांगल्या पानाच्या चहासाठी परदेशी विक्रेत्याकडे पाहण्याच्या आजच्या वृत्तीचे एक मूळ येथे आहे.

याच काळात मालकीचे चित्रही पालटले. मँचेस्टरमध्ये १८६९ साली निघालेली ब्रुक बाँड १९८४ मध्ये युनिलिव्हरकडे गेली आणि तिचा भारतीय व्यवसाय १९९६ मध्ये हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाला. उलट टाटा टी या भारतीय कंपनीने २००० मध्ये इंग्लंडची टेटली विकत घेतली. परिणामी मराठी घरातील अत्यंत ओळखीच्या 'रेड लेबल' पुड्याची अंतिम मालकी परदेशी, तर इंग्रज घरातील ओळखीच्या पुड्याची मालकी भारतीय झाली. तीन शतकांहून अधिक काळ चाललेले लंडनचे चहा-लिलाव १९९८ मध्ये बंद पडले.

आजची निवड

आयात चहावरील सर्वसाधारण सीमाशुल्क १०० टक्के आहे. नेपाळच्या चहाला करारानुसार शुल्कमाफी आहे आणि श्रीलंकेच्या चहाला ठरावीक मर्यादेपर्यंत सवलत आहे. परदेशी विक्रेत्याकडील पत्ती महाग पडते याचे हे एक प्रमुख कारण. चीनचा ऊलाँग किंवा जपानचा हिरवा चहा मूळ ठिकाणाहून मागविण्यात काही तर्क आहे, कारण तशी पत्ती तेथील माती व कौशल्य यांतून घडते. मात्र दार्जिलिंगचा चहा इंग्लंडमध्ये डब्यात भरून परत पुण्यात येतो, तेव्हा ग्राहक प्रामुख्याने डबा, प्रवास व प्रतिष्ठा यांचीच किंमत मोजत असतो.

देशी विक्रेता म्हणजे आपोआप विश्वासार्ह, असेही नाही. दार्जिलिंग चहाला भारतातील पहिले भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०११ मध्ये युरोपीय संघानेही त्या नावाला संरक्षण दिले. तरीही २०२३ मध्ये दार्जिलिंगचे उत्पादन ६५ लाख किलोंपेक्षा कमी होते आणि नेपाळची पत्ती त्या नावाने देशातच खपविली जात असल्याची मळेवाल्यांची तक्रार आहे.

मजुरीचा प्रश्न तर दोन्ही भूमिकांत दुर्लक्षित राहतो. आसामच्या ब्रह्मपुत्रा खोऱ्यात मळा कामगाराची रोजची मजुरी २०२३ मध्ये २५० रुपये झाली. केरळात मुन्नार येथील मळे २००५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या बहुतांश मालकीच्या कंपनीकडे आले, म्हणजे देशीपणाच्याही पुढचे पाऊल पडले. तरीही २०१५ मध्ये तेथील पत्ती खुडणाऱ्या स्त्रियांना बोनससाठी संप करावा लागला. भागपत्रावरील नाव बदलले म्हणून मजुराचा वाटा आपोआप वाढत नाही, हा या घटनेचा अर्थ आहे.

निष्कर्ष

१८९० मध्ये चहाची परीक्षा स्पर्शाने झाली, १९०५ मध्ये बंदराने, १९४७ मध्ये चिन्हाने आणि आज ती विक्रेत्याच्या पत्त्याने होते. यांपैकी एकाही कसोटीने पत्तीमागचे श्रम व नफ्याची वाटणी दिसत नाही. म्हणून देशी की परदेशी या प्रश्नाआधी ग्राहकाने तीन प्रश्न विचारणे उचित ठरेल : पत्ती कोणत्या मळ्याची व कोणत्या हंगामाची आहे; ती कोणी मिसळली व भरली; आणि किमतीचा किती भाग मळ्यापर्यंत पोहोचतो. या प्रश्नांची उत्तरे देणारा विक्रेता बहुधा देशातच सापडेल, कारण अंतर कमी असले की पडताळणी सुलभ होते. स्वदेशीचा आजचा आधार शोधावयाचा तर तो या पडताळणीतच शोधावा लागेल. सार्वजनिक काकांपासून रानड्यांपर्यंतच्या पुण्याने स्वदेशीकडे उत्पादकाच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला होता. चहाच्या बाबतीत तो प्रयत्न अपुरा राहिला आणि तो पुढे नेण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.