हाताचे वळण : माऊस आणि कंट्रोलर यांच्या वादाचा इतिहास

साधनांविषयीचे वाद बहुधा केवळ साधनांविषयी नसतात. पेटीच्या साथीने गावे की सारंगीच्या, हा वाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीस आपल्या ध्वनिक्षेपणातून हद्दपारही केले. तथापि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी तिला मिळवून दिलेली प्रतिष्ठा त्यामुळे लोपली नाही. वरवर पाहता प्रश्न श्रुतींचा होता. आत शिरून पाहिले तर देशी कोणते व परके कोणते, घरंदाज कोणते व बाजारी कोणते, असे कितीतरी प्रश्न त्यात गुंतलेले होते. हल्ली सुशिक्षित कुटुंबांतील तरुण मंडळींत असाच एक वाद मोठ्या हिरिरीने चालतो. खेळ संगणकावर खेळावा की दूरदर्शनसंचास जोडावयाच्या कन्सोलवर, आणि हाती माऊस धरावा की कंट्रोलर, हा तो वाद होय. कित्येक वडीलधाऱ्यांस तो निव्वळ पोरखेळ वाटेल. परंतु सोंगट्या आणि गंजिफा यांवरून गतकालीन समाजाची परीक्षा करणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकास, आपल्या काळच्या खेळाकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार पोहोचत नाही. सबब ह्या वादाची कुळकथा प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम माऊस घेऊ. अमेरिकेतील डग्लस एंगलबार्ट ह्या संशोधकाच्या कल्पनेवरून त्याचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माऊस तयार केला. तो लाकडी ठोकळ्याचा होता, व त्याच्या पोटाशी एकमेकांस काटकोनात बसविलेली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्टने तो विद्वज्जनांपुढे चालवून दाखविला. त्याच १९६८ साली आमच्या परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातील येलदरी येथे, पूर्णा नदीवरील धरणाचे दहा वर्षे चाललेले काम पुरे झाले. ह्या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध काही नाही; परंतु एकीने जे यंत्र जन्मास घातले ते चालविणारी वीज दुसरीने निर्माण केली, आणि आमच्या कथेत ही दोन्ही सूत्रे पुढे एकत्र यावयाची आहेत, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

माऊसचा जन्म खेळासाठी नव्हता, कामासाठी होता. १९७८ साली कार्ड, इंग्लिश व बर ह्या तिघांनी झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत त्याची रीतसर कसोटी घेतली. पडद्यावरील नेमक्या ठिकाणी पोहोचावयास माऊस, दांडी व कळा यांपैकी कोणते साधन त्वरित व बिनचूक ठरते, हे त्यांनी मोजून पाहिले. माऊस सर्वांत सरस ठरला. किंबहुना मनुष्याचा हात उघड्या बोटाने जितक्या वेगाने नेम साधू शकतो, त्याच्या अगदी जवळ माऊसचा वेग जातो, असे त्या प्रयोगात दिसून आले.

कन्सोलचे घराणे निराळे. १९७२ साली राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हे घरगुती खेळयंत्र बाजारात आले. त्याच्या हातपेटीवर फिरवावयाच्या मुठी होत्या. १९७७ च्या अटारीने विमानाच्या सुकाणूची आठवण करून देणारी दांडी दिली. पुढे जपानात निन्टेन्डो कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली अधिकचिन्हाच्या आकाराची चपटी कळ काढली. दांडी मुठीत धरावी लागे. ही कळ एकट्या अंगठ्याने दाबता येई. १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राबरोबर ती घरोघर पोहोचली, आणि १९९६ च्या निन्टेन्डो ६४ वर व १९९७ च्या सोनीच्या ड्युअलशॉकवर अंगठ्याने हळूहळू कलविता येणारी लहान दांडीही येऊन बसली. आजच्या कंट्रोलरचे रूप येथे पूर्ण झाले.

आता ह्या दोन साधनांतील खरा भेद कोणता, तो पाहू. माऊस जेवढा सरकवावा तेवढीच खूण पडद्यावर सरकते; हात थांबला की ती थांबते. दांडीची गोष्ट तशी नाही. दांडी कलविली म्हणजे दृष्टी एका विशिष्ट वेगाने वळू लागते, आणि दांडी सोडून मध्यावर येईपर्यंत वळतच राहते. म्हणजे माऊस जागा सांगतो, दांडी वेग सांगते. नेम धरावयाचा असेल तर जागा सांगणारे साधन सरस, हे उघड आहे. परंतु मोटार हाकावयाची असेल, अथवा कड्याच्या काठाने पात्रास सावकाश चालवावयाचे असेल, तर गोष्ट उलटी होते. कळफलकाची कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते. चालणे व धावणे यांच्या मधली छटा तिला ठाऊक नाही. पेटीच्या पट्टीतून मींड निघत नाही, तसाच हा प्रकार. दांडीला मात्र त्या छटा सहज साधतात. तात्पर्य, ही दोन साधने एकाच कामाची बरीवाईट रूपे नव्हेत. ती दोन निराळ्या कामांची साधने आहेत.

मग वाद पेटला तो का? ज्या खेळात खेळाडूच्या डोळ्यांनी पाहावयाचे आणि बंदुकीने नेम धरावयाचा, त्या प्रकारच्या खेळांमुळे. १९९३ चा डूम हा बहुतेक लोक कळफलकानेच खेळत. १९९६ च्या क्वेकपासून उजव्या हाती माऊस व डाव्या हाताची बोटे कळांवर, ही बैठक रूढ होऊ लागली; आणि १९९७ साली डेनिस फाँग ह्या तरुणाने त्याच बैठकीच्या जोरावर क्वेकची स्पर्धा जिंकून, त्या खेळाचा एक कर्ता जॉन कार्मॅक याची फेरारी मोटार बक्षीस मिळविली, तेव्हा तिची ख्याती पसरली. उलटपक्षी १९९७ च्या गोल्डनआय व २००१ च्या हेलो ह्या खेळांनी तोच प्रकार कंट्रोलरवरही सुखाने खेळता येतो, हे लक्षावधी लोकांच्या अनुभवास आणून दिले. मात्र त्यासाठी यंत्रास खेळाडूच्या नेमाला गुपचूप थोडा हातभार लावावा लागतो. पुढे २०१८ पासून संगणकावरील व कन्सोलवरील खेळाडू एकाच मैदानात उतरण्याची सोय वाढत गेली, आणि हा हातभार न्याय्य की अन्याय्य, ह्यावरून आजही कडाक्याचे भांडण होते.

येथवर परदेशाची कथा झाली. आपल्याकडे ह्या वादाचा निकाल अंगठ्याने लावला नाही अथवा मनगटानेही लावला नाही. तो घरातील खोल्यांनी लावला. १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत फॅमिकॉमच्या स्वस्त नकला आल्या. मुले त्यांस ‘व्हिडिओ गेम’ म्हणत, कंट्रोलरला ‘रिमोट’ म्हणत, आणि खेळाच्या डबीला ‘कॅसेट’ म्हणत. कॅसेट चालेना म्हणजे तिच्यात फुंकर मारून ती पुन्हा बसवावयाची, हा विधी त्या पिढीतील सर्वांस पाठ आहे. परंतु हे यंत्र जोडावयाचे कशास, तर घरातील एकुलत्या एका दूरदर्शनसंचास. आणि तो संच दिवाणखान्यात, आजोबांच्या बातम्यांच्या व आईच्या मालिकेच्या ताब्यात. शिवाय ते यंत्र खेळाखेरीज दुसरे काहीच करीत नसे. परीक्षेच्या दिवसांत ते माळ्यावर गेले तर त्याच्या बाजूने बोलावयास कोणी नसे.

संगणकाचा प्रवेश ह्याहून अगदी वेगळ्या दाराने झाला. तो विद्येच्या नावाने आला. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला. त्यायोगे तालुक्यातालुक्यांत संगणकवर्ग उघडले, आणि संगणक येणे ही नोकरीची पायरी ठरली. मध्यमवर्गीय पित्याने कर्ज काढून घेतलेला संगणक अभ्यासाच्या मेजावर विराजमान झाला. त्यावर मुलगा काय करितो, हे बाहेरून पाहणारास कळत नसे; माऊसची टिकटिक अभ्यासाचीही असू शकते आणि खेळाचीही. सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने काउंटर-स्ट्राइक खेळणारी आणि घरी व्हाइस सिटीत मोटारी पळविणारी पिढी अशी निपजली. २००६ साली एक्सबॉक्स ३६० व २००७ साली प्लेस्टेशन ३ भारतात रीतसर विक्रीस आले, तोवर त्या पिढीचे हात माऊसवर बसून गेले होते. ‘माऊसच श्रेष्ठ’ असे आज जे प्रौढ गृहस्थ ठासून सांगतात, त्यांच्या मताचे मूळ पुष्कळदा क्वेकच्या आखाड्यात नसून, वडिलांनी मुलाच्या शिक्षणासाठी केलेल्या त्या खर्चात आहे. हाताला जे वळण लागले त्यालाच आपण पुढे आवड म्हणतो, आणि आवडीलाच सिद्धांत समजतो.

आता येलदरीकडे वळू. येथील जलविद्युतकेंद्राची क्षमता २२.५ मेगावॅट आहे. प्रत्येकी साडेसात मेगावॅटची तीन जनित्रे धरणाच्या पायथ्याशी आहेत. अवर्षणाच्या वर्षी जलाशय आटला म्हणजे ती थंडावतात. येथे निर्माण झालेली वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते, आणि त्या जाळ्याच्या न्यायाने ज्याच्या अंगणात वीज जन्मते त्याला ती आधी मिळतेच असे नाही. २००५ च्या सुमारास राज्यात भारनियमनाचा कहर झाला, तेव्हा ग्रामीण मराठवाड्याने तासन्‌तास अंधार सोसला. ज्या घरात वीज येण्याजाण्याचा भरवसा नाही, आणि चाळीस हजारांच्या यंत्रास जागा नाही, तेथे माऊस की कंट्रोलर हा प्रश्नच उद्‌भवत नव्हता.

तेथे उत्तर आले ते मोबाईलच्या रूपाने. त्याच्या पोटात स्वतःची वीज साठलेली, तो बापाच्या खिशात आधीच असलेला, आणि २०१६ साली जिओच्या आगमनानंतर त्याचे इंटरनेट स्वस्त झालेले. २०१८ साली पबजी मोबाईल हा खेळ आला, तेव्हा खेड्यापाड्यांतील मुलांनी माऊसही ओलांडला आणि कंट्रोलरही ओलांडला, व थेट काचेवर दोन अंगठे टेकवून नेम धरावयास आरंभ केला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्या खेळावर बंदी घातली. २०२१ साली तो बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया ह्या नावाने पुन्हा अवतरला. काचेवर ना माऊसची अचूकता, ना दांडीचा स्पर्श. तरीही ह्या देशात खेळाडूंची सर्वांत मोठी फौज काचेचीच आहे. साधनांच्या इतिहासात उत्तम साधन जिंकतेच असे नाही. हाताशी असलेले जिंकते.

येथे कोणी म्हणेल, मग ह्या वादात काही अर्थच उरला नाही. आमचे मत तसे नाही. अर्थ आहे, परंतु तो भांडणारांनी धरला आहे त्या जागी नाही. माऊस व कंट्रोलर यांमध्ये नेमापेक्षा मोठा असा एक भेद आहे. कन्सोल हे बंद यंत्र होय. त्याच्या निर्मात्याने जे खेळ मान्य केले तेच त्यावर चालावयाचे. यंत्र घरी आणणाऱ्याचा अधिकार खेळण्यापुरता. संगणकाचे तसे नाही. ज्या मेजावर मुलगा खेळ खेळतो, त्याच मेजावर तो उघडून पाहता येतो, बदलता येतो, नवा लिहिताही येतो. काउंटर-स्ट्राइक हा खेळच मुळी १९९९ साली हौशी तरुणांनी हाफ-लाइफ ह्या दुसऱ्या खेळात फेरफार करून घडविलेला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

आपल्या घरचे उदाहरण पाहावयाचे तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या लहानशा संस्थेचे पाहावे. राजस्थानी वास्तुशिल्प व पहाडी लघुचित्रे यांपासून स्फूर्ती घेऊन तिने ‘राजी’ नावाचा खेळ रचिला. देवदानवांच्या युद्धात आपल्या भावाचा शोध घेणाऱ्या एका मुलीची ती कथा. त्यासाठी लोकांकडून आगाऊ वर्गणी मिळविण्याचा २०१७ मधील प्रयत्न फसला. तरी कर्त्यांनी काम सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो खेळ प्रथम प्रकट झाला तो निन्टेन्डोच्या स्विच ह्या कन्सोलवर, आणि नंतर संगणक व इतर यंत्रे यांवर आला. म्हणजे जगाने तो आधी कंट्रोलर हाती घेऊन खेळला. परंतु ज्यांनी तो घडविला त्यांस संगणकच लागला. खेळावयास कोणतेही यंत्र पुरते, घडवावयास उघडे यंत्र लागते, हा ह्या उदाहरणाचा बोध आहे.

मोबाईलविषयी आमची चिंता येथूनच उत्पन्न होते. त्यावर मुले फार वेळ खेळतात, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते व ती खोटीही नाही. परंतु त्याहून गंभीर गोष्ट अशी की, शहरातील सुखवस्तू मुलास खेळयंत्र आणि विद्यायंत्र एकाच मेजावर मिळाले, आणि खेड्यातील मुलाच्या वाट्यास ते यंत्र आले की जे भोगावयास सुलभ परंतु उघडावयास अत्यंत कठीण. दोघांचेही अंगठे तितकेच चपळ आहेत. भेद चपळाईचा नसून दाराचा आहे, आणि एकासाठी ते दार उघडे व दुसऱ्यासाठी लोटलेले आहे.

तेव्हा पालकांनी माऊस घ्यावा की कंट्रोलर, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर एवढेच की, नेमाचा खेळ असेल तर माऊस, धावण्याचा किंवा गाडी हाकण्याचा असेल तर कंट्रोलर, आणि दोन्ही परवडत असतील तर भांडण नको. परंतु ज्या घरी अथवा ज्या शाळेत एकच यंत्र आणणे शक्य आहे, तेथे ते असे असावे की मुलाला खेळाचा कंटाळा आल्यावर तो कसा बनला हे पाहण्याची इच्छा झाली, तर त्या इच्छेस वाट मिळावी. येलदरीच्या जनित्रांतून निघालेली वीज गेली पन्नासांहून अधिक वर्षे दूरदूरच्या घरांतील यंत्रे चालवीत आली आहे. त्या धरणाच्या परिसरातील शाळांतही, मुलांच्या हाताला खेळण्याबरोबर घडविण्याचे वळण लावणारे एखादे उघडे यंत्र त्याच विजेवर चालावे, ही अपेक्षा फार मोठी आहे असे आम्हांस वाटत नाही.