डोमकळी: एका छायाचित्राची वऱ्हाडी पूर्वपीठिका

वऱ्हाडातील कीटकांचे मॅक्रो छायाचित्रण म्हटले की मेळघाट डोळ्यांपुढे येतो. २०१५ साली महाराष्ट्राने ब्ल्यू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असे करणारे हे देशातील पहिले राज्य. हौशी छायाचित्रकाराची नजर फुलपाखरांवर खिळावी यात नवल नाही. अमरावतीहून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला जाताना वाटेत लागणाऱ्या कपाशीपाशी मात्र सहसा कोणी कॅमेरा बाहेर काढत नाही. फूल आणि कीटक यांच्या नात्याचे या प्रदेशातील सर्वांत अर्थपूर्ण चित्र तिथे असते, असे माझे मत आहे. शेतकऱ्याने त्याला नावही दिले आहे: डोमकळी.

गुलाबी बोंडअळीची बारीक अळी कळीत शिरते आणि आतून रेशमी धाग्यांनी पाकळ्या एकमेकींना जखडून टाकते. निरोगी अमेरिकन कपाशीचे फूल पहिल्या दिवशी मलईच्या रंगाचे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. डोमकळी उमलतच नाही. अर्धवट मिटलेल्या गुलाबासारखी दिसते. पाकळ्या हलकेच उकलल्या तर आत अळी सापडते. ती तेव्हा गुलाबी नसते. पांढुरकी, काळसर डोक्याची असते. गुलाबी रंग तिच्यावर वाढत्या वयात चढतो, आणि तोवर बहुधा ती बोंडात, सरकीपर्यंत पोचलेली असते. नावावर विसंबून शोधणाऱ्याला ती वेळेवर दिसायची नाही.

या कीटकाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ सालचे. भडोचच्या कपाशीवरून गेलेल्या नमुन्यांवरून इंग्लंडमध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी ते केले. पुढे दहा वर्षांनी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने इथल्या कापसाला भाव आणला. टाचणीवरचा पतंग सातासमुद्रापार जातो. फूल शेतातच राहते. १९०९ साली लेफ्रॉय यांचा भारतीय कीटकांवरील सचित्र ग्रंथ निघाला. अशा ग्रंथांतील हाताने काढलेल्या चित्रांची एक खुबी छायाचित्राला अजून साधलेली नाही: अंडे, अळी, कोष आणि पतंग ती एकाच पानावर मांडू शकत. कॅमेऱ्याला एकच क्षण मिळतो. १९५५ मध्ये किलफिट कंपनीचे ‘मॅक्रो-किलार’ हे पस्तीस मिलिमीटरच्या एसएलआर कॅमेऱ्यांसाठीचे पहिले मॅक्रो भिंग आले आणि जिवंत कीटकाच्या जवळ जाणे सोपे झाले. तरी वस्तूइतकीच मोठी प्रतिमा घेताना स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम मिलिमीटरभर उरते. अळीचे डोके स्पष्ट, तर पाकळी धूसर.

२००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. आरंभी काही वर्षे त्याने काम चोख केले, हे मान्यच करायला हवे. पण बोंडअळीचा बंदोबस्त बियाण्यातच झाला म्हटल्यावर फूल उकलून पाहायची गरज कोणाला वाटावी? माझ्या मते त्या वर्षांत वऱ्हाडाने सर्वांत मोठी गोष्ट गमावली ती हीच सवय. २०१० मध्ये गुजरातेत या अळीने पहिल्या जनुकाला दाद देणे सोडल्याचे जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात विदर्भातील बोंडेच्या बोंडे आतून पोखरलेली निघाली. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती फवारणी काही केवळ बोंडअळीसाठी नव्हती; पण कोणत्या किडीवर, किती आणि केव्हा फवारायचे, हा प्रश्न शेवटी जवळून पाहण्याचाच आहे.

अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, आणि शेतकऱ्याच्या खिशात आता कॅमेरा आहे. मोबाइलवर टिपलेली डोमकळी तज्ज्ञापर्यंत क्षणात पोचते. तिच्यावरून कीड ओळखता येते, तिचे प्रमाण कळत नाही. त्यासाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले का, किंवा दहा फुलांमागे एक फूल किडलेले आहे का, हे मोजावे लागते. छायाचित्रकार एका सुंदर फुलापाशी थांबतो. शेतकऱ्याला ओळीतली पुढची फुलेही उकलायची असतात. आणि छायाचित्र घेऊन झाले की ती डोमकळी तोडून अळीसकट नष्ट करायची असते.