नुनो मेंडेस कोण आहे? पोर्तुगालच्या डाव्या बाजूचा राखणदार, ज्याच्यापुढे सालाह आणि यमालही अडकले

फुटबॉल म्हटलं की आपल्याला गोल मारणारेच आठवतात. रोनाल्डो, मेस्सी, एमबाप्पे. गोल अडवणाऱ्याचं नाव सहसा कुणी घेत नाही. पण २०२५ साली युरोपात एका बचावपटूचं नाव घरोघरी पोहोचलं. तो म्हणजे पोर्तुगालचा नुनो मेंडेस. मोबाईलवर सामने पाहणारी आपल्या भागातली पोरंही आता हे नाव घेऊ लागली आहेत. म्हणून त्याची सगळी माहिती एकाच ठिकाणी देत आहोत.

एका नजरेत

- पूर्ण परिचय: नुनो मेंडेस, पोर्तुगालचा फुटबॉलपटू
- जन्म: १९ जून २००२, सिंत्रा (राजधानी लिस्बनजवळ)
- जागा: डावा बचावपटू, म्हणजे लेफ्ट बॅक
- पाय: डावा
- क्लब: आधी स्पोर्टिंग लिस्बन, २०२१ पासून पॅरिस सेंट जर्मेन (पीएसजी)
- पीएसजीतला जर्सी क्रमांक: २५
- देशाकडून पहिला सामना: मार्च २०२१, अझरबैजानविरुद्ध

लहानपण आणि सुरुवात

नुनोचं कुटुंब मूळचं आफ्रिकेतल्या अंगोलाचं. अंगोला १९७५ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होता. आपला गोवा जसा १९६१ साली पोर्तुगीजांच्या हातून सुटला, तसा अंगोला त्यानंतर चौदा वर्षांनी सुटला. अंगोलातून पोर्तुगालला आलेली अनेक कुटुंबं लिस्बनच्या आसपास राहिली. पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघात अशा घरांतली बरीच पोरं दिसतात.

नुनो आधी देस्पेर्तार नावाच्या छोट्या स्थानिक क्लबात खेळायचा. तिथून लहान वयातच तो स्पोर्टिंग लिस्बनच्या अकादमीत गेला. अल्कोशेत गावातली ही अकादमी साधीसुधी नाही. क्रिस्तियानो रोनाल्डोही स्पोर्टिंगच्याच तालमीत घडला आणि २०२० साली या अकादमीला त्याचंच नाव देण्यात आलं.

सतराव्या वर्षी मोठ्या संघात

जून २०२०. कोरोनामुळे बंद पडलेली पोर्तुगालची लीग नुकतीच पुन्हा सुरू झाली होती. मैदानात प्रेक्षक नव्हते. स्पोर्टिंगचे प्रशिक्षक रुबेन अमोरिम यांनी पासोस दे फेरेराविरुद्धच्या सामन्यात नुनोला बदली खेळाडू म्हणून उतरवलं. अठरावं लागायला त्याला अजून आठवडा होता.

पुढच्या हंगामात तर कमालच झाली. स्पोर्टिंगने याआधी लीग जिंकली होती २००२ च्या वसंतात, म्हणजे नुनोच्या जन्माच्या थोडं आधी. त्यानंतर तब्बल १९ वर्षं हा क्लब चषकासाठी झुरत होता. नुनोने आयुष्यात कधी स्पोर्टिंगला लीग जिंकताना पाहिलंच नव्हतं. ११ मे २०२१ रोजी बोआविस्ताला १-० ने हरवून स्पोर्टिंगने लीग जिंकली. त्या संघाच्या डाव्या बाजूला अठरा वर्षांचा नुनो होता.

पॅरिसचा करार किती पैशांचा?

३१ ऑगस्ट २०२१, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा शेवटचा दिवस. पीएसजीने त्याला आधी एका वर्षासाठी लोनवर घेतलं. त्यासाठी ७ दशलक्ष युरो मोजले. सोबत ४० दशलक्ष युरोला कायमचा घेण्याचा पर्याय ठेवला. आपल्या रुपयांत ही रक्कम तेव्हा साधारण साडेतीनशे कोटींच्या आसपास होती. बदल्यात स्पॅनिश खेळाडू पाब्लो साराबिया लोनवर स्पोर्टिंगकडे गेला. वर्षभर काम बघून २०२२ साली पीएसजीने नुनोला कायमचं घेतलं.

त्या वेळी पीएसजीत मेस्सी, नेमार आणि एमबाप्पे एकत्र खेळत होते. एवढ्या मोठ्या नावांच्या संघात १९ वर्षांच्या पोराने जागा मिळवली, हेच मोठं.

दुखापतीचा काळ

इथून पुढे मात्र वाट सोपी नव्हती.

नोव्हेंबर २०२२, कतारचा विश्वचषक. उरुग्वेविरुद्धच्या सामन्यात पहिल्याच अर्ध्या भागात त्याच्या मांडीला दुखापत झाली. तो रडत मैदानाबाहेर गेला. त्याचा विश्वचषक तिथेच संपला.

२०२३ साली तर त्याहून वाईट झालं. मांडीच्या मागच्या स्नायूची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची दुखापत इतकी चिघळली की शस्त्रक्रिया करावी लागली. तो अनेक महिने मैदानाबाहेर होता. २०२४ च्या सुरुवातीलाच तो परत आला.

ज्याचा सगळा खेळ वेगावर आहे, त्याला ही दुखापत म्हणजे मोठा धोका. बैलगाडा शर्यतीतल्या बैलाच्या पायाला लागलं तर मालकाचा जीव कसा खालीवर होतो, ते आपल्याला ठाऊक आहे. बैल उभा राहील, चालेलही, पण पूर्वीसारखा पळेल का? नुनोबद्दल हाच प्रश्न होता. हॅमस्ट्रिंग हा जोरात पळताना सगळ्यात जास्त ताण घेणारा स्नायू. घाईने मैदानात उतरलं तर तो पुन्हा फाटतो. पुरता बरा होऊनच उतरणं, हाच यावरचा खरा उपाय.

तो परत आला आणि वेग तसाच होता. २०२४ च्या युरो स्पर्धेत तो पोर्तुगालच्या संघात होता. फ्रान्सविरुद्धच्या पेनल्टी शूटआऊटमध्ये पोर्तुगाल हरला, पण नुनोने आपली पेनल्टी मारली होती.

लेफ्ट बॅक नेमकं काय करतो?

कबड्डीत कोपरारक्षक असतो, तसं समजा. समोरचा चढाईपटू त्याच्याच बाजूने घुसायला बघतो. फुटबॉलमध्ये समोरच्या संघाचा उजव्या बाजूचा वेगवान खेळाडू, म्हणजे विंगर, लेफ्ट बॅकच्या अंगावर येतो. जगातले कित्येक धोकादायक खेळाडू याच बाजूने येतात. २०२५ साली लिव्हरपूलकडून खेळणारा सालाह, आर्सेनलचा साका, स्पेनचा यमाल, तिघंही तिथलेच.

पण आजच्या फुटबॉलमध्ये लेफ्ट बॅकने नुसतं अडवून भागत नाही. चेंडू आपल्याकडे आला की त्याने सगळी बाजू पळत पार करायची, पुढे जाऊन पास द्यायचा, जमलं तर गोल मारायचा. आणि चेंडू गेला की तेवढंच अंतर उलटं पळत परत यायचं. नुनोची खासियत हीच. तो पुढे गेलेला असतानाही मागे वेळेवर पोहोचतो.

२०२५: मोठमोठे विंगर अडकले

चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत पीएसजीपुढे आधी लिव्हरपूल आलं. सालाह त्या हंगामात जबरदस्त फॉर्मात होता. दोन सामन्यांत त्याला खेळाच्या वेळेत एकही गोल करता आला नाही. शेवटी शूटआऊटमध्ये पीएसजी जिंकलं.

पुढे अॅस्टन व्हिलाविरुद्ध नुनोने दोन्ही सामन्यांत एकेक गोल केला. बचावपटूसाठी ही साधी गोष्ट नाही. उपांत्य फेरीत आर्सेनल आलं. परतीच्या सामन्यात साकाने एक गोल केला, पण पीएसजी १-० आणि २-१ असं जिंकत अंतिम फेरीत गेलं.

३१ मे २०२५, म्युनिक. पीएसजीने इंटर मिलानला ५-० ने धुतलं. चॅम्पियन्स लीगच्या इतिहासात अंतिम सामना इतक्या फरकाने कुणीच जिंकला नव्हता. पीएसजीचा हा पहिलाच चॅम्पियन्स लीग चषक.

आठ दिवसांनी, त्याच म्युनिकच्या मैदानावर, ८ जूनला नेशन्स लीगची फायनल झाली. पोर्तुगालसमोर स्पेन. स्पेनने आधी गोल केला. पाचच मिनिटांत नुनोने डाव्या पायाने बरोबरी साधली. स्पेनने पुन्हा आघाडी घेतली. दुसऱ्या अर्ध्यात नुनोच्याच क्रॉसवर रोनाल्डोने २-२ केलं. स्पेनचा १७ वर्षांचा यमाल त्याच्या बाजूला होता. त्याला फारसं काही करता आलं नाही, जादा वेळेत त्याला बाहेर बोलावलं. शूटआऊटमध्ये नुनोनेही पेनल्टी मारली आणि पोर्तुगाल ५-३ ने जिंकला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नुनोचं नाव जाहीर झालं.

ऑगस्टमध्ये युएफा सुपर कपमध्ये टॉटनहॅमविरुद्ध विजयाची शेवटची पेनल्टीही त्यानेच मारली. त्या वर्षीच्या बॅलन डी'ऑर पुरस्काराच्या यादीत तो दहावा आला.

वाचकांना पडणारे प्रश्न

नुनोने फ्रान्सची लीग किती वेळा जिंकली?
२०२१-२२ ते २०२४-२५ असे सलग चार हंगाम पीएसजीने लीग जिंकली. चारही वेळा तो संघात होता.

डाव्या पायाचे खेळाडू एवढे महाग का?
कारण ते कमी असतात. डाव्या बाजूला उजव्या पायाचा खेळाडू ठेवला तर क्रॉस मारण्याआधी त्याला चेंडू आत घ्यावा लागतो. तेवढ्यात समोरचा बचाव सावरतो. डाव्या पायाचा खेळाडू पळता पळताच चेंडू आत टाकतो.

आपल्या गावात डाव्या पायाने खेळणारं पोरगं असेल तर?
त्याला उजव्या पायाने मार म्हणून ओरडू नका. डावाच पाय पक्का होऊ द्या. आणि मांडीच्या मागे कळ येत असेल तर तेल लावून लगेच पळवू नका. आधी थांबवा, डॉक्टरला दाखवा. नुनोसारख्या खेळाडूलासुद्धा महिनोन्‌महिने थांबावं लागलं होतं.